पहिल्या पावाचा तुकडा

दुकानाला पंचाहत्तर वर्षं झाली त्या रविवारी दुकान बंद होतं. तरी सकाळी आठच्या आत तिघांनी शटर वाजवून पाहिलं. चौथ्याला वहिनीनं वरच्या खिडकीतून झापलं, "आज बंद! पाटी वाचता येत नाही का?"

"येते की," खालून आवाज आला, "पण वास काही वेगळंच सांगतोय."

वास खरंच सांगत होता. आत काडीनं भट्टी पेटवली होती.

काडी म्हणजे दुकानाचे मालक दादा यांची बहीण, वहिनीची नणंद. अठ्ठावन्न वर्षांची, उभ्या देहात मूठभर मांस नाही. लहानपणी शेजारणींनी ठेवलेलं नाव तिला असं चिकटलं, की खरं नाव आता फक्त रेशनच्या कागदावर उरलं होतं. लग्नानंतर सहा वर्षांनी ती माहेरी परत आली. तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा टिकले नाहीत, तेव्हा सासरच्यांनी "हिच्या अंगात दमच नाही" म्हणून तिला ट्रंकेसकट आणून सोडलं. वडिलांनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला भट्टीसमोर उभी केली आणि लांब दांड्याचं लाकडी फावडं हातात दिलं. तेव्हापासून आज तीस वर्षं ती तिथेच उभी होती. घर दादांचं, दुकान दादांचं, पण भट्टी काडीची, हे लहान पोरसुद्धा जाणून होतं. तिच्या हातचा पाव बोटानं दाबला तर लगेच वर यायचा, आणि तिच्या हातची भट्टी कधी करपवायची नाही, कधी कच्चं ठेवायची नाही.

ती स्वतः मात्र कधी भरली नाही. "हिला अन्न लागतच नाही," असं सगळे म्हणत आणि ताटात आणखी एक पाव वाढत.

आता का लागत नव्हतं ते तिला कळलं होतं. नऊ दिवसांपूर्वी कळलं होतं. त्याचा कागद यीस्टच्या रिकाम्या डब्यात घडी घालून ठेवला होता, आणि तो डबा वरच्या फळीवर, सगळ्यांत मागे. तो काढायचा की नाही, हे आज ठरवायचं होतं. काढला तर भट्टी सुटणार. आणि भट्टी सुटली, तर या घरात काडी कोण? भावाच्या घरी राहिलेली एक आजारी बहीण, बस.

"आत्याआजी, मी दाराशी उभी राहू?"

मुंगी आली होती. दादांच्या मुलाची मुलगी, बारा वर्षांची, पण वर्गात उंचीनुसार रांग लागली की पहिला नंबर ठरलेला. दोन वर्षांपूर्वी तिला सीलिअॅक निघाला. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यांवर तुटून पडायचं. बेकरीच्या घरात हे निघावं, याला काय म्हणायचं? वहिनी तर पहिले दोन महिने "कुणाची तरी नजर" यापलीकडे जायला तयार नव्हती.

"ये, पण उंबऱ्याच्या आत नको," काडी म्हणाली. "हवेत पीठ असतं."

दर रविवारी दुकान बंद असताना काडी मुंगीसाठी आठवड्याचा पाव करायची. टेबल तीनदा धुऊन, वेगळं पातेलं, वेगळं फावडं, धुतलेला एप्रन. तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, आणि पीठ धरून ठेवायला इसबगोल. इसबगोल बघून वहिनीनं पहिल्यांदा कपाळावर हात मारला होता, "पोट साफ करायचं औषध पावात! बाबा असते तर भट्टीतच उडी घेतली असती." काडीनं चौदा पाव फेकून दिले आणि पंधरावा जमवला. मुंगीच्या आईचा, म्हणजे सूनबाईचा, दुनियेतल्या कुठल्याही पाकिटावर विश्वास नव्हता. भिंग लावून ती मसाल्याची बाटलीसुद्धा वाचायची. काडीच्या हातावर मात्र डोळे मिटून विश्वास होता.

आणि तरीही मुंगीचं रक्त सुधरत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत पुन्हा तेच. पोरगी कुठेतरी गहू खातेय, डॉक्टर म्हणाले. घरात मग एकच अर्थ निघाला. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "खालच्या फळीवरची बिस्किटं कमी होतात ती काय उंदीर नेतो?" मुंगी रडली नाही. तिनं तेव्हापासून आजीशी बोलणंच सोडलं.

"आज रक्त देणार ना सगळे?" मुंगीनं विचारलं.

"देणार. तुझ्या आजोबांचं काही सांगता येत नाही."

"तू देणार?"

"मी पहिली," काडी म्हणाली आणि भट्टीकडे वळली.

*

डॉक्टरीणबाई दहाला आल्या. संशोधन केंद्रातल्या, चाळिशीच्या, एका हातात थंड पेटी आणि दुसऱ्या हातात फॉर्मांचा गठ्ठा. त्यांना तीन पिढ्या एकाच घरात राहणारी कुटुंबं हवी होती. एकाच रक्ताची माणसं, एकच अन्न, मग एकाच्याच पोटाला का बाधतं आणि दुसऱ्याच्या का नाही, हे शोधायचं होतं. गव्हाच्या भट्टीवर पंचाहत्तर वर्षं काढलेलं घर म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले होते. सूनबाईनं महिनाभर खटपट करून हा दिवस जमवला होता. सगळं कुटुंब एकत्र येणारच होतं, तर त्यातच रक्तही देऊन टाकू, असा तिचा साधा हिशोब होता.

दादांच्या डोक्यात हिशोब वेगळा निघाला.

"बसा, चहा घ्या," ते म्हणाले. पांढरा शर्ट, पांढरे केस, भुवयाही पिठानं पांढऱ्या झाल्या आहेत असं वाटावं. "रक्ताचं मात्र राहू द्या."

सूनबाई हातातली थाळी घेऊन तशीच उभी राहिली. "बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात."

"मी 'बघू' म्हणालो होतो. बघितलं. नको."

"का पण?"

"का म्हणजे? उद्या गावभर होईल, बेकरीवाल्याच्या घरात पावानं आजार पसरला. या गव्हावर हे घर उभं आहे. ज्या दिवशी माझ्या बापानं ही भट्टी बांधली, त्याच दिवशी मी तिच्यावर डाग लावून घेऊ?"

"नावं कुठेच येत नाहीत, दादा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळीवर फक्त आकडा असतो."

"आकडा तुमच्यासाठी. आम्हाला रस्त्यावर नावानं ओळखतात."

दादांचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत, खुर्चीत मागे रेलला. बसवर एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला, दिवसाला चारशे माणसं बिनधास्त खिंडीतून उतरवणारा. पण सुई दिसली की तो दार शोधायचा. "दादा म्हणतोय ते बरोबरच आहे," तो म्हणाला. "उगीच चांगल्या रक्ताला भोकं कशाला?"

"तुम्ही गप्प बसा भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुमचं मत सुई ठरवते." पण पुढे नवऱ्याच्या विरोधातही गेली नाही. दादांचा मुलगा व्हॅनच्या किल्ल्या बोटावर फिरवत बापाकडे आणि बायकोकडे आळीपाळीनं बघत होता. आजवर तो कुणाच्याच बाजूनं बोलला नव्हता, आणि तेच त्याचं आयुष्यभराचं धोरण होतं.

काडी दाराशी उभी होती. तिनं बोलायला हवं होतं. डब्यातला कागद काढून टेबलावर ठेवला असता, तर दादांचं तोंड तिथेच बंद झालं असतं. पण तिचे पाय हलले नाहीत. भित्री कुठली, तिनं स्वतःला म्हटलं, आणि मोठ्यानं एवढंच म्हणाली, "आधी पहिला पाव होऊ द्या. मग बोलू."

यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

पहिला पाव ही या घराची जुनी रीत. वर्षातल्या या दिवशी भट्टीतून पहिला निघणारा पाव सुरीनं कापायचा नाही. घरातल्या मोठ्यानं तो हातानं मोडायचा आणि सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवायचा. ज्यानं तो खाल्ला तो घरचा. सूनबाई याच तुकड्यानं घरात आली होती, आणि मुंगी सात महिन्यांची असताना तिच्या ओठांना तोच लावला होता. गेली दोन वर्षं मात्र मुंगी खिडकीशी आपली वेगळी बशी घेऊन उभी राहायची. तिच्या बशीत काडीच्या हातचा पाव असायचा, पण पाव बशीतला आणि पाव हातातून हातात आलेला, यात फरक असतो, आणि तो बारा वर्षांच्या मुलीला बरोबर कळतो.

"मी बघू का भट्टी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मुंगीचा पाव तुम्ही इथेच भाजता ना, मावशी?"

"इथेच. या. आधी तिचाच लावते, मग गव्हाचे."

काडीनं हात धुतले, धुतलेला एप्रन बांधला, वेगळ्या पातेल्यातला गोळा वेगळ्या फावड्यावर घेतला. डॉक्टरीणबाई मान डोलावत होत्या. मुंगी उंबऱ्याबाहेर होती. काडीनं भट्टीचं झाकण बाजूला केलं. निखारे झाडून झालेले होते, विटांचा तळ स्वच्छ होता. आणि मग तिचा डावा हात, न सांगता, बाजूच्या कोनाड्यातल्या पितळी वाटीत गेला, चिमूट उचलली आणि तळावर फेकली.

"एक, दोन, तीन," ती पुटपुटत होती. दहाला पीठ बदामी झालं. भट्टी तयार. तिनं फावडं आत सरकवायला उचललं.

"मावशी, थांबा."

काडी थांबली.

"हे आत काय टाकलंत?"

"कुठे? काही नाही."

"आत्ता. डाव्या हातानं."

काडीनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तर्जनी आणि अंगठा पांढरे होते. "ते होय. पीठ. भट्टीचा ताव बघायला. दहा आकड्यांत बदामी झालं की ताव बरोबर. बाबांनी शिकवलेलं."

"कसलं पीठ?"

कोनाड्यातली ती वाटी वडिलांच्या हातची. पंचाहत्तर वर्षं त्या वाटीत दुसरं काही पडलं नव्हतं. काडीनं टेबल तीनदा धुतलं होतं, पातेलं वेगळं ठेवलं होतं, एप्रन उकळून घेतला होता. आणि दर रविवारी, शंभर रविवार, गव्हाची चिमूट टाकून तिच्यावरच त्या पोरीचा पाव ठेवला होता. हात ते आपोआप करतो आहे, हे तिला माहीतच नव्हतं. श्वास घेताना आपण श्वास घेतोय असं कुणी म्हणतं का?

"गव्हाचं," ती म्हणाली. फावड्याचा दांडा तिच्या हातातून सुटला आणि फरशीवर आपटला.

*

आवाजानं सगळे आत धावले. काय झालं ते डॉक्टरीणबाईंनी चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. काडीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती चोरून खात नव्हती," सूनबाई हळूच म्हणाली.

मग वहिनी, जिनं आयुष्यात आपला शब्द मागे घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, उंबरा ओलांडून गेली आणि मुंगीसमोर गुडघ्यांवर बसली. सांधे कडकड वाजले. "मी तुला चोर म्हटलं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हटलं. तर सगळ्यांसमोरच सांगते, चुकलं माझं. बिस्किटं खरंच उंदीर नेत असेल."

"उंदीर नाही," मुंगी म्हणाली. "काकाआजोबा नेतात."

ड्रायव्हरला एकदम ठसका लागला.

हसू फुटलं, पण काडीच्या कानावर काही पडत नव्हतं. ती पिठाच्या पोत्यावर बसून आपल्या हाताकडे बघत होती. मुंगी उंबऱ्याशी आली, नियम म्हणून आत आली नाही, तिथूनच म्हणाली, "आत्याआजी, तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत असायला हवं होतं."

"पण नव्हतं. मग?"

तेवढ्यात दादांना आपला मुद्दा सापडला. "बघा!" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. "माझ्या पावाचा काही दोष नाही. हाताची एक चूक होती, ती कळली. आता पोरगी बरी होईल. मग हे रक्ताचं नाटक कशाला? मिटलं की."

आपण बोललो नाही तर हे इथेच मिटेल, हे काडीला कळलं. डॉक्टरीणबाई पेटी उचलून जातील, दादा पाव मोडतील, मुंगी खिडकीशी जाईल. आणि आपण उद्या पहाटे पुन्हा भट्टीवर. सगळं होतं तसं. किती सोपं होतं!

तिनं उठून स्टूल ओढलं, वरच्या फळीच्या मागून यीस्टचा डबा काढला आणि कागद दादांच्या हातात दिला.

"हे काय?"

"वाच."

"चष्मा नाही."

"मग मी सांगते. मुंगीला जे आहे ते मलाही आहे. नऊ दिवस झाले कळून."

"तू तर दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस!"

"खोटं सांगितलं. पोटात नळी घालून आले. मुंगीला तपासणीला नेलं, तेव्हा या बाईंनी माझी नखं बघितली आणि विचारलं, कधीपासून एवढ्या बारीक? मी म्हटलं, जन्मापासून. त्या हसल्या नाहीत." काडी थांबली. पुढचं बोलायला तिला जोर लावावा लागला. "दादा, माझ्या अंगाला लागत नव्हतं ते हे. हाडं दुखतात ते हे. आणि ती तीन..." तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "सांगा ना. मला सांगितलंत तसं."

"खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण उपचार न झालेल्या बाईला दिवस न टिकणं, हे या आजारात दिसतं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तसं असू शकतं. दम नसण्याचा त्यात काही संबंध नाही."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. ट्रंक घेऊन दारात उभी राहिलेली काडी तिनंच पहिल्यांदा पाहिली होती.

दादा मात्र कागदाकडेच बघत होते. चष्म्याशिवाय. "बाबा तुला रोज अर्धा पाव जास्त द्यायचे," ते म्हणाले. "अंगाला लागावा म्हणून. बाबा गेले, मग मी द्यायला लागलो. तू नको म्हणायचीस. मी रागावून खायला लावायचो. काडी, मी तुला रोज..."

"तू मला जेवू घातलंस," काडी म्हणाली. "रोज. लेकीसारखं. तुला कुठे माहीत होतं?"

उंबऱ्यावरून मुंगी म्हणाली, "तेच मी म्हटलं."

दादा खाली बसले. सहासष्ट वर्षांचा माणूस, कधी कुणासमोर डोळे पुसले नव्हते, तो शर्टाच्या बाहीनं नाक पुसत बसला. मग उठले, बाही दुमडली आणि डॉक्टरीणबाईंच्या समोर डावा हात धरला.

"घ्या. उजव्याचं नको, मळायला लागतो."

"बाबा, लोक काय म्हणतील?" सूनबाईनं विचारलं. चिमटाच होता, पण महिनाभराच्या खटपटीनंतर तिचा तेवढा हक्क होता.

"म्हणू देत. माझ्या घरात तीस वर्षं एक बाई उपाशी जेवत होती आणि मला दिसलं नाही. आणखी कुणाकुणाच्या घरात असेल. शोधा, बाई. लागेल तेवढं रक्त घ्या."

त्यानंतर काडी, आणि मग रांगच लागली. वहिनीचं रक्त दुसऱ्या घराचं, तरी "तुलना करायला हवंच" म्हटल्यावर तिनं असा हात पुढे केला जसा काही मान मिळाला. दादांच्या मुलानं किल्ल्या ठेवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला न विचारता, बायकोच्या बाजूनं रांगेत उभा राहिला. ड्रायव्हर शेवटचा. डोळे गच्च मिटून त्यानं मुंगीचा हात धरला, आणि ती त्याला म्हणाली, "काकाआजोबा, ब्रेक मारू नका." नळ्या एकेक करून थंड पेटीत उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई आकडे लिहीत होत्या आणि मधेच स्वतःशी हसत होत्या. असं घर त्यांना अजून मिळालं नव्हतं.

*

"आता मी भट्टीवर उभी राहायची नाही," काडी म्हणाली.

नऊ दिवस ज्या वाक्याला ती भीत होती, ते बोलून झालं होतं आणि छत काही कोसळलं नव्हतं.

"असं कसं," दादा म्हणाले. "तू नाहीस तर भट्टी..."

"भट्टी तू सांभाळशील, पोरगा सांभाळेल. ती वाटी आहे, दहापर्यंत मोजता येतं त्याला. मला पिठाच्या हवेतही राहायचं नाही, बाईंनी बजावलंय. दादा, मला काहीतरी हवंय."

तिनं त्या घरात आजवर काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा वहिनी आणेल ती. त्यामुळे दादा घाबरलेच. "काय?"

"सरपणाची खोली."

अंगणाच्या पलीकडे, वेगळ्या भिंतींची, वेगळ्या छपराची ती खोली. वडिलांचा कडक नियम होता, तिथे पिठाचा कण न्यायचा नाही; उंदीर लागले तर सरपणात घर करतील. पिठाच्या हातानं कुणी दाराची कडी लावली तरी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पंचाहत्तर वर्षं तो नियम कुणी मोडला नव्हता. साऱ्या आवारात गहू न गेलेली ती एकच जागा होती.

डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि लिहिता लिहिता मान वर केली. "म्हणजे तुमच्या वडिलांनीच करून ठेवलीय म्हणा."

"पण मग सरपण कुठे ठेवू?" दादांनी विचारलं.

"तुझ्या डोक्यावर ठेव," वहिनी म्हणाली. "ती तीस वर्षांत पहिल्यांदा काही मागतेय!"

दादांनी कमरेची किल्ली सोडली.

सरपण बाहेर काढायला सगळं घर लागलं. खोलीपासून पडवीपर्यंत साखळी करून ओंडके हातोहात गेले. ड्रायव्हर "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे" असं बसमधलं ओरडत होता. मग भिंती झाडल्या, फरशी दोनदा धुतली. पडवीत चार महिने खोक्यात पडून असलेला विजेचा ओव्हन मुलानं उचलून आणला. केक करायला त्यानं हौसेनं घेतला होता, आणि दादांनी "विजेवर पाव भाजत नाहीत, कपड्यांना इस्त्री करतात" म्हणून त्याला दारात अडवला होता. आज खोक्याचं दुसरं टोक दादांनीच धरलं. "जपून," ते मुलावर खेकसले, "नवीन आहे तो."

डॉक्टरीणबाई जायच्या होत्या, गेल्या नाहीत. रक्ताची पेटी घेऊन गाडी पुढे पाठवली आणि स्वतः राहिल्या. त्यांच्या सांगण्यावरून सगळ्यांनी अंघोळ करून कपडे बदलले, कारण कपड्यांतही पीठ असतं. ड्रायव्हरनं कपडे आणलेच नव्हते. तो दादांच्या जुन्या झब्ब्यात आला आणि गुडघ्यांपर्यंत झाकून निघाला. सूनबाईनं वरच्या घरातून न फोडलेली पाकिटं आणली, तांदळाचं पीठ, स्टार्च, इसबगोल. सकाळचा गोळा फेकून नवा भिजवला. मुंगी या वेळी उंबऱ्याबाहेर नव्हती. ती टेबलाशी होती, कोपरापर्यंत पिठात.

ओव्हन तापला. काचेमागे लाल दिवा लागला. काडी त्याच्यासमोर उभी राहिली आणि एकदम परकी झाली. इथे निखारे नव्हते, विटांचा वास नव्हता. भिंतीत कोनाडा नव्हता. तिचा डावा हात उगीच हवेत गेला आणि परत आला.

मुंगीनं ते पाहिलं. तिनं स्टीलची एक कोरी वाटी घेतली, तिच्यात तांदळाचं पीठ भरलं आणि ओव्हनच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवली.

"टाक," ती म्हणाली. "मी मोजते."

काडीनं चिमूट फेकली. दहाला पीठ पांढरंच होतं. बाराला, पंधरालाही. मागून दादा म्हणाले, "इस्त्री अजून तापली नाही." अठराला ते बदामी झालं. "अठरा," मुंगी जाहीर करून मोकळी झाली, "इथला आकडा अठरा." आणि काडीनं पाव आत सरकवला.

तो निघाला तेव्हा तीन वाजले होते. सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. पाव एका बाजूला जरा बसका होता, वर एक भेग होती, रंग मात्र सोन्यासारखा. दादांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा करून बोटानं टकटक वाजवला, कान लावला. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी काडीचा पाव असा वाजवून बघायचं सोडलं होतं. आता पुन्हा वाजवला.

"भाजलाय," ते म्हणाले.

"मग मोड की," वहिनी म्हणाली. "हा आजचा पहिला पाव. भट्टीत आज काही लागलेलंच नाही."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. सकाळपासून गव्हाचे गोळे तसेच झाकून राहिले होते.

दादांनी पाव मोडला. वाफ वर आली. रीत अशी की मोठ्यापासून धाकट्याकडे जायचं, शेवटी ज्यानं भाजला त्याला. दादांनी पहिला तुकडा मुंगीच्या हातावर ठेवला, बशीत नाही, हातावर. दुसरा काडीच्या. मग वहिनी, मुलगा, सूनबाई, ड्रायव्हर. एक तुकडा डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवताना ते म्हणाले, "खाल्लात तर घरच्या व्हाल. विचार करा." त्यांनी विचार केला नाही.

शेवटचा तुकडा दादांनी स्वतः तोंडात टाकला. ते बराच वेळ चावत राहिले. साऱ्या घराचे डोळे त्यांच्या जबड्याकडे लागले होते. गव्हाखेरीज दुसऱ्या पावाला पाव न म्हणणारा माणूस तो.

"मीठ थोडं कमी आहे," ते म्हणाले.

काडीनं श्वास सोडला. पाव टाकाऊ असता तर मिठाचं नाव निघालंच नसतं.

मुंगीचा हात रिकामा झाला होता. तिनं तळव्याला चिकटलेला कण जिभेनं टिपला आणि विचारलं, "अजून आहे?"

नव्हता. पहिला पाव पुरून उरायचा, दोन दिवस डब्यात पडून राहायचा. आज त्याचा चुरासुद्धा शिल्लक नव्हता. काडीच्या तोंडात अजून आपला घास होता. तो खाल्ला की पोटात दुखणार नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा खात्रीनं माहीत होतं. तिनं तो सावकाश गिळला.

दादांनी बाह्या वर केल्या आणि दुकानात गर्दीच्या वेळी आत हाक मारायचे, त्याच आवाजात म्हणाले, "दुसरा लाव, काडी! गिऱ्हाईक उभं आहे."

आणि तिचा डावा हात, न सांगता, वाटीकडे गेला.